गाडीचं सोवळं

पीपीएफ म्हटलं की आमच्यासारख्या सरकारी कारकुनाला पासबुक आठवतं. पब्लिक प्रॉव्हिडंट फंड. वर्षाला कमीत कमी ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, आणि पंधरा वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला नाहीतर घराच्या छपराला उपयोगी पडणारी रक्कम. हल्ली मात्र कार्यालयात चहाच्या वेळी कोणी "पीपीएफ केलं का रे?" असं विचारलं तर त्याचा पोस्टाशी काही संबंध नसतो. हे दुसरं पीपीएफ, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म. नव्या गाडीच्या अंगावर, टपापासून दाराच्या मुठीपर्यंत, आरपार दिसणारी प्लास्टिकची कातडी चिकटवून घ्यायची. गाडीच्या आकाराप्रमाणे आणि फिल्मच्या दर्जाप्रमाणे साठ-सत्तर हजारांपासून दोन लाखांच्या वरपर्यंत खर्च येतो. एक लाख रुपये पहिल्या पीपीएफमध्ये टाकले आणि व्याज ७.१ टक्के धरलं, तर पंधरा वर्षांनी त्यांचे दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास होतात. दुसऱ्या पीपीएफमध्ये टाकलेले एक लाख पाच-दहा वर्षांनी नखाने सोलून काढावे लागतात.

मी या फिल्मच्या विरोधात आहे. "पैसा ज्याचा त्याचा, गाडी ज्याची त्याची, तुझ्या पोटात का दुखतं?" असं मला आतापर्यंत तिघांनी विचारून झालं आहे. का दुखतं ते पुढे सांगतोच. आधी ही वस्तू आहे तरी काय ते बघू, कारण लाख मोजणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ते विचारलेलंच नसतं. शोरूममधला मुलगा म्हणतो, "सर, सगळे करून घेतात." बस्स. गाडीच्या कर्जात हे पैसेही बेमालूम मिसळले जातात आणि महिन्याचा हप्ता दीड-दोन हजारांनी वाढतो.

या फिल्मचा जन्म काही गाड्यांसाठी झालेला नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि खडीच्या माऱ्याने झिजत. त्यांवर चिकटवायला थ्रीएम कंपनीने युरेथेनची चिवट पट्टी बनवली. मग ती शर्यतीच्या गाड्यांच्या नाकावर आली आणि तिथून आपल्या वाड्यावरच्या हॅचबॅकवर उतरली. आजची चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते. स्वस्तातली पीव्हीसीची, ती लवकर पिवळी पडते. चांगल्या फिल्मच्या वरच्या थरात एक गंमत असते: बारीक ओरखडे ऊन लागलं किंवा गरम पाणी ओतलं की आपोआप मिटतात. हे खरं आहे, मी स्वतः पाहिलं आहे, आणि पाहताना मलाही लहान मुलासारखी मजा वाटली. पण ही जादू बारीक रेघोट्यांपुरतीच. खोल गेलेला चरा मिटत नाही.

आता जाडीचा हिशेब बघा. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. आधी गंज रोखणारा थर (त्यासाठी गाडीचा अख्खा सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवतात), मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट. हे सगळे मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात. फिल्मची जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन. म्हणजे राखणदार धन्यापेक्षा जाड! शिवाय तो क्लिअर कोट कशासाठी असतो? खालच्या रंगाचं ऊन-पावसापासून, ओरखड्यांपासून रक्षण व्हावं म्हणूनच. म्हणजे रंगाचा एक पारदर्शक राखणदार गाडीबरोबरच आलेला आहे आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. त्या राखणदाराला राखायला फिल्म. आता फिल्मवर डाग पडू नयेत म्हणून तिच्यावर सिरॅमिक कोटिंग करून देतात. आणि एवढं सगळं झाल्यावर रात्री गाडीवर ताडपत्रीसारखं कव्हर घालतात. मालकाने आपल्या गाडीचा रंग शेवटचा कधी पाहिला हे त्यालाच विचारायला हवं.

"पण गोव्याची हवा खारी, रे!" हे ठरलेलं उत्तर. हवा खारी आहेच. पण गोव्यात गाडी सडते ती कुठून, हे कुठल्याही जुन्या मेस्त्रीला विचारा. ती सडते खालून. दाराच्या तळाला पाणी निथळायची भोकं मातीने बुजतात आणि आत पाणी साचतं तिथे. चाकाच्या कमानीच्या आतल्या बाजूला. पायाखालच्या पत्र्याला. बॉनेटच्या बिजागरीशी. फिल्म यांतल्या एकाही जागी नसते; ती असते वर, लोकांना दिसेल अशा चकचकीत जागी. पावसाळ्याआधी खालच्या पत्र्याला गंजरोधक लेप मारून घेतला आणि पावसाळा संपल्यावर गाडी खालून फवाऱ्याने नीट धुऊन घेतली, तर काही हजारांत काम भागतं. ते कोणी करत नाही. कारण गाडीचं पोट शेजाऱ्याला दिसत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. तिच्यातल्या आम्लाने क्लिअर कोटवर चट्टे पडतात, हे बरोबर. पण फिल्मवर पडली तरी ती लगेच पुसून काढा, असं फिल्मच्या वॉरंटीच्या कागदावरच लिहिलेलं असतं. मग फडकं घेऊन धावणं काही चुकलं नाही. गाडी आंब्याखाली न लावणं हा उपाय अजून फुकट आहे.

उपयोग काहीच नाही असं मी म्हणत नाही. तासन्तास महामार्गावर मोठ्या गाड्यांच्या मागे धावणाऱ्या माणसाच्या गाडीच्या नाकाला, बॉनेटच्या पुढच्या कडेला खडे लागतात आणि रंगाचे टवके उडतात. तिथे फिल्मचा तुकडा लावला तर समजू शकतं. दाराच्या मुठीखालच्या खळग्यात बांगड्या-अंगठ्यांच्या रेघा पडतात, तिथेही लावा, दोन-चार हजारांचं काम. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा क्लिअर कोट सालपटासारखा सुटतो, तोही काही काळ लांबतो. पण पर्वरीहून पणजीला कामावर जाणारी आणि संध्याकाळी परत येऊन झाकून ठेवली जाणारी गाडी ही काही युद्धावरचं हेलिकॉप्टर नव्हे. एखादा दरवाजा घासला तर साध्या गॅरेजात पाचेक हजारांत रंगवून मिळतो. लाखाच्या फिल्ममध्ये असे वीस दरवाजे रंगवून होतील; गाडीला दरवाजे चार.

आणि धुळीबद्दल बोलायचं तर मग पुरतंच बोलू या. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत सांगे, केपे, डिचोली, सत्तरी भागांतल्या रस्त्यांवर खनिज वाहणाऱ्या ट्रकांची रांग लागायची. उसगाव-तिस्क, कुडचडे, सावर्डे इथली झाडं, कौलं, वाळत घातलेली धुणी, शाळेत जाणाऱ्या पोरांचे गणवेश, सगळं तांबडं. ती धूळ छातीत जात होती. त्या मुलांच्या फुप्फुसांना कुठली पारदर्शक फिल्म होती? त्यानंतर २०२३-२४ मध्ये पणजीत स्मार्ट सिटीच्या नावाने एकाच वेळी सगळे रस्ते खणून ठेवले, तेव्हा धुळीविरुद्ध काही नागरिकांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. त्या दिवसांत मला एक विलक्षण गोष्ट दिसली. धुळीबद्दल निवेदन घेऊन सह्या मागायला आलेल्या माणसाला "बघू, नंतर" म्हणणारे लोकच त्या वर्षी गाडीला फिल्म लावून घेत होते. रस्ता सगळ्यांचा, म्हणून त्याला वेळ नाही. पत्रा आपला, म्हणून त्याला लाख.

इथपर्यंतचा मुद्दा पैशाचा. एवढाच असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. लोक याहून मोठे खर्च याहून फालतू गोष्टींवर करतात आणि मीही नाटकाच्या तिकिटांवर करतो. माझं भांडण आहे ते या फिल्ममधून जे वागणं येतं त्याच्याशी.

आपल्या आजीच्या घरातलं सोवळं ज्यांना आठवतं त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. ओल्या वस्त्रानिशी स्वयंपाकघरात वावरणारी आजी, आणि उंबऱ्यापाशी थबकलेली आम्ही पोरं. "शिवू नको!" हा तो शब्द. तो नुसता मुलांना नव्हता. अंगणापर्यंत कोणी यायचं, पडवीपर्यंत कोणी यायचं, पाणी वरून कोणाला ओतायचं, हे सगळं त्या एका शब्दाने ठरायचं. ते मोडायला आपल्याकडे किती पिढ्या लागल्या, किती माणसं अपमान गिळून गेली, हे इथे सांगत बसत नाही. पण तोच शब्द आता इमारतीच्या पार्किंगमध्ये ऐकू येतो. रखवालदाराची मुलं लपंडाव खेळताना गाडीला टेकली की वरच्या गच्चीतून ओरडा येतो. कुरियरवाल्याने दुचाकी दोन हात लांब लावायची. गाडी धुणाऱ्याने आपलं फडकं आणायचं नाही, मालक देईल तेच वापरायचं. घरातल्या माणसांचीही सुटका नाही. दसऱ्याला गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढायला गेलेल्या आईला मुलगा म्हणतो, "आई, हळद नको, फिल्मला डाग बसेल." (हळदीचा डाग प्लास्टिकवरून जात नाही हे त्या आईला मुलाच्याही आधी ठाऊक आहे, डबे तीच धुते.) झेंडूच्या माळेत तार असते म्हणून माळ नको. मग पूजा कशाची केली? टायरखालच्या लिंबाची?

एका सहकाऱ्याने यावर मला असं पेचात पकडलं: "अरे, विठोबालासुद्धा लेप देतात. तिथे चालतो, मग गाडीला लावला तर तुझं काय जातं?" युक्तिवाद मला आवडला. गोव्यातूनही वर्षानुवर्षं पायी दिंड्या पंढरपुराला जातात, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पंढरपूरच्या मूर्तीची झीज होते, विशेषतः पावलांची. का? कारण तिथे लांबून हात जोडून परतायचं नसतं, पायांवर डोकं ठेवायचं असतं. लाखो कपाळं आणि लाखो हात त्या दगडावर टेकतात. म्हणून तिथे वज्रलेप करावा लागतो. अलीकडे २०२० मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला. आता हा लेप कशासाठी ते बघा. लोकांचा स्पर्श चालू राहावा म्हणून. पुढे पदस्पर्शदर्शन पुन्हा सुरू झालंच, आणि पुन्हा कपाळं टेकू लागली. दगड झिजू नये म्हणून लोकांना कायमचं दूर ठेवा, असा मार्गही होता. तो सोपा आणि स्वस्तही होता. तो घेतला नाही. तुझ्या गाडीवरच्या लेपाने स्पर्श वाढला की कमी झाला, एवढंच सांग, असं मी त्याला विचारलं. त्याने चहा संपवला.

आपल्याकडे राखण्याची रीत तशी जुनी आहे. मच्छीमार होडीच्या लाकडाला काजूच्या बियांच्या टरफलांचं तेल लावतात. होडी पाण्यात टाकायची असते म्हणून लावतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करायची, कारण त्यांत सोलांची आंबट कढी करायची असते. बाहेरून मात्र तेच भांडं चिंच आणि राखेने खसाखसा घासायचं. मातीच्या भिंतींना पावसाळ्याआधी माडाच्या चुडतांचे विणलेले झाप लावायचे आणि पाऊस सरला की उतरवायचे. यांतला एकही थर वस्तू नवी दिसावी म्हणून नव्हता. आणि कुठलाही थर स्वतः पूज्य झाला नाही. कल्हई गेली की कल्हईवाला यायचा, कोणी रडलं नाही.

इथे फिल्मच पूज्य झाली आहे. हे मला ज्या दिवशी दिसलं त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतं, तेव्हा त्या तिघा विचारणाऱ्यांनी आता ऐकावं.

आमच्या वाड्यावर सकाळी पोदेर येतो. सायकल, मागे निळं प्लास्टिक झाकलेली टोपली, आणि भोंपू. मूळचा कर्नाटकातला, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. आमची वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचं गडगं, आणि त्यातच एक नवीकोरी पांढरी गाडी अर्धी वाट अडवून उभी असते, कारण घराच्या आवारात ती मावत नाही. पावसाने शेवाळ धरलं होतं. सायकल घसरली आणि टोपलीची कड दाराला लागून गेली. वीतभर रेघ. मालक बाहेर आले. मुलगा म्हणाला, "चूक जाली, बाब." खाली सांडलेले पाव वेचताना तो पुन्हापुन्हा तेच म्हणत होता.

गाडीवर फिल्म होती. म्हणजे रंगाला काहीही झालेलं नव्हतं. ज्यासाठी लाखभर रुपये मोजले होते ते काम फिल्मने चोख बजावलं होतं. मालकांनी खरं तर खूश व्हायला हवं! पण त्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, त्या दाराची फिल्म काढून नवी लावावी लागेल, नऊ हजार. मालकांनी नऊ हजार मागितले. पाव पाच रुपयांचा धरला तर अठराशे पाव. बेकरीवाल्याने सांगितलं, मी मुलाच्या पगारातून कापून घेईन. आम्ही शेजारचे चार-पाच जण मध्ये पडलो आणि बरीच घासाघीस होऊन तीन हजारांवर तडजोड झाली. रंगावर ओरखडाही नसताना तीन हजार! दुपारी ऊन पडलं आणि रेघेचा उथळ भाग आपोआप मिटून गेला, ती फिल्मची जादू. मागणी तेवढी मिटली नाही. राहिलेल्या अर्ध्या रेघेसाठी मुलाच्या पगारातून तीन महिने हजार-हजार कापले गेले.

फिल्म नसती तर काय झालं असतं? दाराला रेघ पडली असती, मालक चार शिव्या देऊन गप्प बसले असते किंवा पॉलिश मारून घेतलं असतं, पाच-सातशे रुपयांत. मालक माणूस वाईट नाहीत, चतुर्थीला आमच्याकडे आरतीला येतात. पण एक लाख रुपये जिथे चिकटवले आहेत तिथे माणसाला ओरखडा ओरखड्याएवढा दिसत नाही. म्हणून "गाडी ज्याची त्याची" हे म्हणणं मला मान्य नाही. गाडी त्याची, पण वाट सगळ्यांची आहे, आणि त्या वाटेवर सायकल घसरण्याची किंमत त्याने एकट्याने सातशेवरून नऊ हजारांवर नेऊन ठेवली. ती भरणारा मात्र दुसराच.

तरीही ज्यांना फिल्म लावायचीच आहे त्यांनी, एका कारकुनाचं ऐकायचं तर, पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. एक, फिल्म यंत्रावर कापून आणणार की गाडीवर चिकटवून ब्लेडने कापणार? गाडीवर कापताना ब्लेड रंगात उतरू शकतं, आणि मग रक्षण करायला आणलेली वस्तूच पहिला ओरखडा काढते. दोन, अपघातानंतर पुन्हा रंगवलेल्या भागावरून फिल्म काढताना रंग सुटून आला तर जबाबदार कोण? कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, तो सहसा टिकतो; गॅरेजातल्या रंगाची तशी खात्री नसते. तीन, पाच-दहा वर्षांनी काढलेलं हे डिंक माखलेलं प्लास्टिक कुठे जाणार? आमच्या त्या सहकाऱ्याने माझ्या आग्रहावरून हे तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर "यंत्रावर" असं लेखी मिळालं. दुसऱ्याला "कंपनीच्या नियमांप्रमाणे" असं मिळालं. तिसऱ्याला विक्रेता म्हणाला, "ते आम्ही बघतो, सर," आणि ते लिहून द्यायला मात्र तयार झाला नाही. सहकाऱ्याने पुढचा बंपर आणि मुठींचे खळगे तेवढे करून घेतले, बाकीचे पैसे अजून बँकेत आहेत.